वाफ्यातलं मीठ

लोर्ना टॅकेट ओहायोत शाळेची बस चालवायची आणि आम्हा विक्कन मंडळींचा, म्हणजे निसर्ग आणि देवी मानणाऱ्यांचा, ऑस्टारा हा वसंताचा सण दर वर्षी तिच्याच परसात व्हायचा. वसंतात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी आम्ही रिंगण करून देवीला हाक मारायचो, रंगवलेली अंडी वाहायचो आणि लोर्नाने खपून तयार केलेल्या वाफ्यात वाटाणे पेरायचो. एका वर्षी जाऊन पाहतो तर वाफाभर जाडं मीठ!

लोर्ना तडक शेजारच्या व्हर्ननच्या दारात गेली. "हे तुझंच काम ना?"

"सैतानाच्या पूजेला मिठाचाच उतारा," तो हसत म्हणाला.

"सैतान तुमच्या चर्चमधला, आमच्यात तो नाहीच! मीठ तू टाकलंस, आता माती तूच उचल."

त्याने दार लावून घेतलं. लोर्नाने फावड्याने ती खारट माती हातगाडीत भरली आणि त्याच्या लाडक्या हिरवळीवर नेऊन ओतली.

आमच्यातली म्हातारी विनिफ्रेड म्हणाली, "अगं, रिंगणात राग घेऊन येऊ नये."

"मग आज मला बाहेर ठेवा!" लोर्ना कडाडली.

कुणी ठेवलं नाही. मातीने माखलेल्या हातांनीच तिने मेणबत्ती लावली. वाटाणे आम्ही बादल्यांत पेरले. व्हर्ननच्या अंगणातलं गवत त्या उन्हाळ्यात जळून गेलं, आणि लोर्नाला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.