नरेश गप्प बसला नव्हता

माझ्या आतेभावाला, नरेशला, त्याच्या विमानाच्या कॅप्टनने फसवलं. आणि तो सौदा मी जुळवून दिला. सव्वा महिन्यापूर्वी नरेशच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जुन्या ट्रॅक्टरचा भाव पाडत होतो. त्याच्या छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि... संपलं. पन्नाशीही गाठली नव्हती. तेराव्याला त्याच्या गावी, अर्जुनीत, लोक म्हणत होते, भला माणूस, कुणाला कधी उलटून बोलला नाही. मला संताप आला. तो बोलला होता.

मी बैलबाजारात वाढलो. तिथे दुपट्ट्याखाली बोटं दाबून किंमत ठरते, तोंडातून शब्द निघत नाही. नरेश सहवैमानिक, त्याचं काम नेमकं उलटं. विमानात मार्गाचा संगणक असतो. एक वैमानिक त्यात वाटेवरची ठिकाणं भरतो, दुसरा कागदावरून ताडून तोंडाने ‘बरोबर’ म्हणतो, मगच शेवटचं बटण दाबायचं. एका बटणाला दोन शिकलेली माणसं लागतात का, म्हणून मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "भाऊ, तुमचं चुकलं तर बैल लंगडा निघते. आमचं तसं नाही."

एकदा हवेतच मार्ग बदलावा लागला. एकाच नावाची दोन ठिकाणं पडद्यावर आली, कॅप्टनने वरचं निवडलं. नरेश म्हणाला, "सर, थांबा. अंतर जुळत नाही."

"बीस साल से उड़ा रहा हूँ. तू बैठ."

बटण दाबलं गेलं, विमान भलतीकडे वळलं. नरेशने पुन्हा सांगितलं, खालच्या नियंत्रण कक्षातूनही विचारणा झाली, तेव्हा कुठे ते मार्गावर आलं. कुणाला खरचटलंही नाही. पण चौकशी लागली. बोलणं नोंदवणारी पेटी वेळेवर काढून ठेवायला कॅप्टनने सांगितलंच नाही. पुढच्या फेऱ्यांत तिच्यावर दुसरं बोलणं चढलं.

दोष अंगावर घ्यायला नरेश ऐकेना, म्हणून कॅप्टन गोंदियाला माझ्या दुकानात आला. त्याचं म्हणणं, नरेशने लिहून द्यावं की आपण ताडून पाहिलं नाही, काही बोललो नाही. वर्षभर घरी बसावं, मग कंपनीत सांगून परत घ्यायला लावतो. मी वर्षाचे तीन महिने करून घेतले आणि वर त्याला चहा पाजला. नरेश म्हणाला, "मी बोललो होतो ना भाऊ. कायले खोटं लिहू?" मी म्हटलं, शहाणपणा करून राहिला काय, सही कर. माझा शब्द त्याने मोडला नाही. तीन महिने गेले, वर्ष गेलं, कॅप्टन फोन उचलेना. दुसरीकडे नोकरी मागायला जावं तर तो कागद आधीच तिथे पोचलेला...

शेवटी इथल्या उड्डाणशाळेत तो वर्गात शिकवू लागला. विमान सुटलं ते सुटलंच. परवा त्याचं सामान आणायला गेलो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने हाताने बटणं रेखाटली होती, समोर दोन खुर्च्या. एक विद्यार्थिनी म्हणाली, सर नुसती मान हलवली तर नापास करायचे, बोलावंच लागायचं. एकदा कुणीतरी विचारलं, सर, मग तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात? सर बराच वेळ फळा पुसत राहिले... फळा कोराच होता.

माझा दोष मी इथे छापून दिला आहे. कॅप्टन, तुमचं नाव लिहिलेलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नरेशची मुलगी बारावीला आहे आणि बापाच्या सहीचा तो कागद तिने वाचला आहे. अर्जुनीला या, तिच्यासमोर बसा आणि उत्तर द्या: तुमच्या शेजारी बसलेला माणूस त्या दिवशी बोलला होता की नव्हता?