घराला वळसा घालणाऱ्या बाई

आमच्या नर्सबाई कुठल्याही घरात थेट शिरत नसत. आधी घराला वळसा घालत. मोरीचं पाणी कुठं साचतं, चुलीचा धूर कुठून निघतो, कोंबड्या कुठं बसतात, ते बघत. "सर, आजार माणसाला होतो, पण राहतो घरात," म्हणत. मी नुकताच नर्सिंग पास होऊन त्यांच्याबरोबर भोंगवलीकडच्या वस्त्यांवर फिरू लागलो होतो. पहिल्याच दिवशी स्वच्छतेवर बोलत बोलत त्यांच्यामागून वळसा घातला आणि गुडघ्यापर्यंत शेणखड्ड्यात गेलो. घरची म्हातारी म्हणाली, "बाई, ह्यांना कशाला आणलं? हितं खत लई हाय." बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

एकदा मी म्हणालो, "बाई, तुम्ही एवढं फिरता, पण दिसत काहीच नाही." त्या म्हणाल्या, "ताप न आलेल्या पोराची आई कधी पेढे आणते का?" मला हा विनोद वाटला. मी खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत.

वस्तीवरचे तात्या कापूरहोळ फाट्यावर पंक्चर काढत. साखरेचा आजार जुना. त्यांच्या घरामागं दोरीवर डागाळलेला पायमोजा वाळताना बाईंना दिसला, म्हणून टाचेची जखम कळली. तात्यांनी तिच्यावर ट्यूबला लावायचं सोल्युशन चोपडलं होतं.

"टायरला चालतंय, तर टाचंला का न्हाई?"

"तात्या, टायरला साखर होत न्हाई."

बाई रोज पट्टी बदलायला जात. पाय टेकू नका म्हणून भांडत. तात्या म्हणायचे, "दुकान बंद ठिवून खाऊ काय?" आणि लंगडत फाट्यावर जायचे. पाय काळा पडला तेव्हा बाईंनीच टेम्पो बोलावून त्यांना पुण्याला नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखालून गेला.

वस्तीला एवढंच दिसलं. "गेला तवा दोन पायांवर गेला व्हता. बाईनं नेला आन् कापून आणला." मी बाईंची बाजू घ्यायला फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि लोकांना पुस्तकातलं कापलेल्या पायाचं चित्र दाखवलं. पाय कापायचा बेत आधीपासूनचाच होता, अशी सगळ्यांची खात्री पटली.

मग दारं लागू लागली. बाईंनी पोटात असल्यापासून जपलेल्या पोरांच्या लशी राहू लागल्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. एका घरात गोवराची लस राहिलेलं पोर होतं. दाराला आतून कडी. आत ते रडत होतं. बाईंनी हाक मारली, तशी कुणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा आवाज बंद झाला.

बाईंनी लशीचा डबा माझ्या हातात दिला.

"सर, तुम्ही हाक मारा. बायका अजून तुमचा आवाज ओळखत न्हाईत."

आणि त्या शेजारच्या भिंतीआड गेल्या.

मी हाक मारली. कडी निघाली. दाराच्या फटीतून पोराची आई बघत होती.

"नवे डाक्टर व्हय? ती न्हाई ना संगं?"

"नाही," मी म्हणालो.

भिंत काही फार लांब नव्हती.