कॅन तिरका करून बघा

"वाजवून बघा, बाई," परदेशी कंपनीचा एजंट म्हणाला आणि त्याने त्यांचा चाळीस लिटरचा कॅन टेबलावर माझ्यापुढे सरकवला. मी वाजवला. देवळातल्या घंटेसारखा आवाज आला, म्हणजे कुठे तडा नाही की खोट नाही. माझा चेहरा पडला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावोगावचं दूध कॅनमध्ये भरून लॉरीने उपनगरातल्या एका मोठ्या डेअरीत यायचं. ते अ‍ॅल्युमिनियमचे कॅन आम्ही भांडुपला बनवायचो. मी तिथे क्वालिटी कंट्रोलला होते, म्हणजे माल बाहेर पडण्याआधी त्यात खोट काढायची. घरीही मी तेच करते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

त्या दिवशी डेअरीच्या ऑफिसात परचेस ऑफिसर कर्णिक साहेब यांनी आमच्या शेठना परदेशी कंपनीचा भाव दाखवला. शेठनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"साहेब, एवढ्यात तर मला नुसता पत्राही येत नाही!"

"त्यांचं सरकार एक्स्पोर्टला सबसिडी देतं," कर्णिक म्हणाले. म्हणजे कंपनीने तोट्यात विकायचं आणि तो तोटा तिकडच्या सरकारने भरून द्यायचा. "शिवाय कॅन टेस्टमध्ये पास आहे. मी काय करू?"

टेस्ट दोन होत्या. पाणी भरलेला कॅन उंचावरून टाकायचा, ती ड्रॉप टेस्ट. हवा भरून पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं, ती लीक टेस्ट. त्या कॅनने दोन्ही झकास पास केल्या. पडल्यावर त्याला पोचेसुद्धा आमच्यापेक्षा कमी आले. मला त्या कॅनचा रागच आला.

परतताना टॅक्सीत शेठ म्हणाले, "बाई, वाट लागली. दिवाळीनंतर कॅन खातं बंद."

त्या खात्यातली निम्मी माणसं गिरण्यांचा संप फिसकटल्यावर आमच्याकडे आलेली, मालवण-कणकवलीकडची. एकदा फाटक बंद झालेलं बघून आली होती. त्यांना हे सांगायचं कोणी? शेठनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

कारखान्यात आल्यावर मी कोणाला तोंड न दाखवता मागच्या शेडमध्ये गेले. डेअरीतून मोडके कॅन तिथे रिपेअरला यायचे. उगाच उभी होते. आणि एकदम दिसलं. सगळ्या कॅनना एकच दुखणं. अंग ठीक, बुडाची रिंग घासून झिजलेली.

कारण डेअरीच्या डॉकवर, म्हणजे लॉऱ्या उतरवायच्या धक्क्यावर, भरलेला कॅन कोणी उचलतच नाही. माथाडी त्याची मान धरतात, तिरका करतात आणि बुडाच्या कडेवर गरागरा फिरवत नेतात. दोन हातांत दोन कॅन. म्हणून आम्ही खाली वेगळी जाड रिंग बसवायचो. झिजली की काढायची, नवी घालायची. इतकी वर्षं हे बघत होते की बघणंच सुटलं होतं. परदेशी कॅनला रिंगच नव्हती. एकच पातळ पत्रा, बुडापर्यंत चकाचक.

दुसऱ्या दिवशी मी कर्णिकांसमोर उभी. "साहेब, दोन्ही कॅन आठवडाभर डॉकवर वापरून बघा."

"टेंडरमध्ये अशी टेस्ट नाही."

"टेंडर थोडंच दूध उतरवतं, साहेब?"

तिथेच बसलेला एजंट हसून म्हणाला, "करू द्या ना. आम्हाला काय भीती?"

आठवडा पुरा व्हायच्या आतच कर्णिकांचा फोन आला. आम्ही धावलो. एक माथाडी परदेशी कॅन फिरवत चालला होता आणि त्याच्या मागे काँक्रीटवर दुधाची पांढरी रेघ उमटत होती. मला इतका आनंद झाला की पाठोपाठ लाजही वाटली. सांडत होतं ते दूध होतं.

"ही वापरायची चुकीची पद्धत आहे!" एजंट ओरडला. "कॅन उचलून न्यायचा असतो!"

"उचला," कर्णिक शांतपणे म्हणाले.

टाय खांद्यावर टाकून एजंटने आमचा भरलेला कॅन धरला. गुडघ्यापर्यंत आला. तिथून तो जो खाली आला, तो जवळजवळ त्याच्या बुटावरच. माथाडी इतके हसले की एकाला खाली बसावं लागलं.

"आठवड्यात भंगारात जाणारा कॅन स्वस्त कसा?" कर्णिक म्हणाले. ऑर्डर आम्हाला मिळाली. पुढच्या टेंडरमध्ये तिसरी टेस्ट आली, रोलिंग टेस्ट. तिची पद्धत मी लिहून दिली.

त्या दिवशी परतलो तेव्हा कारखान्याच्या फाटकावर सगळं खातं उभं होतं; बातमी त्यांना आधीच लागली होती. आमचा फोरमन परब पुढे आला. "बाईनू, काय झालां?"

"गळला!" मी ओरडले.

मग जो रिकामे कॅन बडवायचा धुमाकूळ सुरू झाला, तो शेजारच्या कारखान्याचा वॉचमन भांडायला येईपर्यंत. तोही थोडा वेळ बडवून गेला. दिवाळीनंतर कॅन खातं चालूच राहिलं.

मी यातून एवढंच शिकले की आपण बनवलेली वस्तू मोडल्यावर आपल्याच दारात परत यायला हवी. त्या कंपनीकडे एकही मोडका कॅन कधी परत गेला नव्हता.

पुढच्या वर्षी तोच एजंट आमच्या ऑफिसात आला. त्यांच्या कॅनला बसवायला आमच्या रिंगा हव्या होत्या. शेठनी मला बाजूला घेतलं. "काय करू, बाई? देऊ?"

"द्या," मी म्हटलं. "पण रिपेअर आपल्याकडेच ठेवा."