फादरच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगते. मधेच विषय सोडून भलतीकडे गेले तर सांभाळून घ्या. अवघड जागा आली की मी चहा ठेवायला उठते, ही माझी जुनी खोड आहे.

गोष्ट फुलाकाकूची आहे. म्हणजे — आहे माझीच, पण काकूला सोडून ती सांगता येत नाही.

फुलाकाकू माझी सख्खी चुलती. मूळची फिलोमिना. जालन्याकडे मिशनच्या सिस्टर लोकांच्या एका दवाखान्यात ती स्वयंपाकाला होती आणि माझे काका तिथे काविळीने आडवे झाले होते. पंधरा दिवस तिने त्यांना बिनतिखटाची खिचडी खाऊ घातली आणि काकांनी ती कुरकुर न करता खाल्ली. आमच्या घरातला माणूस बिनतिखटाचं मुकाट खातो म्हणजे काय, हे आम्हालाच ठाऊक! आम्ही बौद्ध, ती कॅथलिक. लग्न रजिस्टर झालं. आजीच्या तोंडात 'फिलोमिना' बसेना, म्हणून तिने 'फुला' केलं, आणि जिंतूरमध्ये आमच्या घरी ती कायमची फुलाच राहिली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिने वीतभर लाकडी क्रूस लावला. कुणी काही म्हणालं नाही. नाताळात करंज्या होतात म्हटल्यावर कोण काय म्हणणार?

आता सिनेमाचं सांगते. हसू नका.

माझे वडील शाळामास्तर, आणि मास्तर म्हणून कमी, भुताखेतांचे वैरी म्हणून जास्त प्रसिद्ध. कुणाच्या अंगात आलं की हे सायकल काढून निघालेच, डॉक्टरकडे चला म्हणून सांगायला. घरात भुताची गोष्टसुद्धा सांगायची बंदी. साहजिकच मला भुताच्या सिनेमांचं व्यसन लागलं. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते, चाळिशी कधीच उलटली, आणि अजूनही पडद्यावर दार करकरलं की पाय वर घेऊन बसते. शनिवारी सकाळची शाळा. काका गेल्यापासून शनिवारची दुपार फुलाकाकूची. काकूकडे टीव्हीला इंटरनेट घेतलं आणि चाळता चाळता आम्हाला एक इंडोनेशियाचा सिनेमा सापडला. मग दुसरा. मग आम्ही दुसरं काही बघेचनात.

काकूला ते का आवडले ठाऊक आहे? कौलारू घरं, परसात केळी, चुलीपाशी बसलेल्या बाया. 'रंगानं बी आपल्यावानीच हायेत की गं,' असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. पण त्या सिनेमांत भूत उतरवायला बहुतेक मौलवी येतो. तो देश मुसलमानांचा, मौलवीच येणार. काकू तेही मन लावून बघायची, तो कुराणातली आयत म्हणू लागला की पदर डोक्यावर घ्यायची. मात्र एखाद्या सिनेमात फादर निघाला की तिचा चेहरा बघावा. 'तिकडं बी आमची मूठभरच दिसतेत,' म्हणायची, 'तरी आलाय बघ बिचारा.' एकदा पडद्यावरचं कुटुंब त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हणायला लागलं, त्यात 'बापा' आलं, मग 'सुर्गा' आलं, आणि काकू ताडकन उठून बसली. स्वर्गातल्या बापाला लावलेली हाक तिला बरोबर कळली होती. पुढची सगळी प्रार्थना तिने मराठीत त्यांच्या बरोबरीनं म्हटली आणि त्यांच्या आधी संपवली.

बाकी फादरला ती सोडायची नाही हां. क्रिकेट बघणारे जसे बॅट्समनला शिव्या देतात तसं. 'आसं न्हाई करीत कुनी. आधी बिशपची चिठ्ठी लागती. हा तर उठला की निघाला!' किंवा 'क्रूस धरायची काय पद्धत हाय का ही, उलथनं धरल्यावानी.' मी पोट धरून हसायची. इतकं हसू मला दुसरीकडे कुठेच येत नाही.

संवाद त्यांच्या भाषेत, खाली अक्षरं इंग्रजीत. काकू मराठी चौथी. म्हणून मी वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. माझा त्यात भाव होता. 'आमची मास्तरीन वाचती म्हणून कळायलंय,' असं ती शेजारच्यांना सांगायची. मी एक शब्द इकडचा तिकडे करीन असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. का असावं?

येते मुद्द्यावर. येतेच आहे.

जिंतूरला त्यांचं चर्च नाही. महिन्यातल्या एका रविवारी परभणीहून फादर येतात आणि एका निवृत्त नर्सबाईंच्या मोठ्या खोलीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होते. दहा-बारा माणसं. काका होते तेव्हा ते काकूला लुनावर मागे बसवून न्यायचे आणि स्वतः बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. काकू आत शेवटच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. मिस्सेत एक वेळ येते, सगळे उठून पुढे जातात आणि फादर प्रत्येकाच्या हातावर ती पातळ पांढरी भाकर ठेवतात. ख्रिस्तप्रसाद. त्यांच्या लेखी तो प्रत्यक्ष ख्रिस्त. सगळे उठले की काकू एकटी बसून राहायची. चाळीस वर्षं.

का, ते तिने मला काका गेल्यावर सांगितलं. लग्नानंतर गावाकडच्या एका म्हाताऱ्या फादरांनी तिला बजावलं होतं की चर्चबाहेर लग्न केलंस, येऊन बस, प्रार्थना कर, पण प्रसाद घेता येणार नाही. आधी पापनिवेदन — म्हणजे फादरजवळ आपलं पाप सांगायचं, पस्तावायचं, मग क्षमा. मी म्हटलं, मग सांगून मोकळी का नाही झालीस? तर ती शेंगा फोडता फोडता थांबली. 'पस्तावा खरा लागतो, माय. मी काय म्हनू? ह्या मानसासंग संसार केला, चुकलं? आसं कसं म्हनू गं?'

आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. तिने नंतर कुणाला विचारलंच नाही. विचारलं आणि तेच उत्तर आलं तर?

मला त्या म्हाताऱ्या फादरांचा असा राग आला म्हणता! आमच्या घरात नांदली म्हणून शिक्षा? आमचं घर म्हणजे पाप? तो राग मनात धरूनच मी पुढच्या शनिवारी टीव्हीसमोर बसले, हे आधीच सांगून टाकते. त्याला माया म्हणायचं की अहंकार, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

त्या दिवशीच्या सिनेमात चहाच्या मळ्यातलं घर होतं. मुलीला झपाटलेलं. तिच्या आईने लग्नासाठी चर्च सोडलेलं. फादर येतो तो पावसात, स्कूटरवर. काकूला स्कूटर फार आवडली. तो मुलीच्या खोलीकडे निघतो तर ती आई त्याला स्वयंपाकघराच्या दारात अडवते आणि विचारते — मुलीबद्दल नाही, स्वतःबद्दल. मला आता प्रसाद घेता येईल का?

मी हे मराठीत सांगितलं मात्र, काकूचा हात शेंगदाण्याच्या वाटीतच राहिला. ती पुढे सरकली. सगळा श्वास धरून ती त्या फादरच्या तोंडाकडे बघत होती. तिला जे चाळीस वर्षं विचारवलं नाही ते पडद्यावरच्या बाईने विचारून टाकलं होतं.

फादर दोनच शब्द बोलला. खाली इंग्रजीत दोनच शब्द आले. 'आधी पापनिवेदन.'

मी म्हणाले, "तो म्हणतोय, बाई, तुझं ताट वाढून ठेवलंय. कुणी उचललं नव्हतं. ये, बस."

झालं. हेच ते. आमच्या घरात उशिरा आलेल्या माणसाला असंच म्हणतात, म्हणून तोंडात आलं असेल. पण तोंडात आलं आणि सांडलं, असं नाही ते. दोन शब्द वाचून झाल्यावर मी क्षणभर थांबले होते. त्या क्षणात मी ठरवलं.

काकू म्हणाली, 'येवढंसं बोलला आन् येवढं सांगितलं?'

'त्यांची भाषा आखूड असते,' मी म्हणाले. इंग्रजीची मास्तरीण! आणि चहा ठेवायला उठले. आत उभी राहून ऐकत होते — काकू रडत होती, हळूहळू, लहान मुलाला थोपटावं तशा लयीत. बाहेर भूत किंचाळत होतं आणि तिचं लक्षच नव्हतं.

पुढच्या मिस्सेला मी तिला स्कूटीवर नेलं. एरवी मी काकांच्या जागी लिंबाखाली थांबते. त्या दिवशी ती म्हणाली, आत ये. नवं लुगडं नेसली होती. सगळे उठले तेव्हा तीही उठली. फादर नवे, तरुण. त्यांना काय ठाऊक? काकूने दोन्ही हात पुढे केले. परत आली ती शेवटच्या खुर्चीवर बसलीच नाही, दुसऱ्या रांगेत बसली. येताना स्कूटीवर मागे बसून गाणं म्हणत होती आणि माझ्या पाठीवर ताल धरत होती. मला किती आनंद झाला सांगू? लाज वाटते, पण झाला. मी जे केलं ते चांगलंच केलं असं मला तेव्हा वाटलं.

इथवरच असतं तर कदाचित मी तुम्हाला ही गोष्ट हसत सांगितली असती.

दोन-तीन महिन्यांनी मिस्सेनंतर ते तरुण फादर लिंबाखाली चहा पीत उभे होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. समजा एखाद्या बाईनं रजिस्टर लग्न केलं, नवरा आता नाही, तर तिला प्रसाद घ्यायचा असला तर? ते म्हणाले, 'काहीच अवघड नाही. माझ्याजवळ पापनिवेदन करायचं. दहा मिनिटं लागतील.' मी म्हटलं, पण तिला नवऱ्याबद्दल पस्तावायचं नाही. ते हसले. म्हणाले, 'नवऱ्याबद्दल कोण म्हणतंय पस्तावा म्हणून? चर्चला विचारलं नाही, एवढंच सांगायचं. चाळीस वर्षं प्रेमानं संसार केला त्याबद्दल देवाचे आभार मानायचे.' मग कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. 'आहे का अशी कुणी? आत्ता इथे लिंबाखालीसुद्धा ऐकीन मी.'

काकू दहा पावलांवर होती. नर्सबाईंशी गवारीच्या भावावरून वाद घालत होती. एक हाक मारायची होती.

मी म्हणाले, "नाही फादर. सिनेमात बघितलं होतं."

कळतंय ना तुम्हाला? तिला चाळीस वर्षं जे उत्तर हवं होतं ते माझ्या हातात ठेवलं होतं — खरं, खऱ्या फादरचं, मी रचलं त्याहून कितीतरी मोठं — आणि मी ते खिशात घातलं. कारण ते द्यायचं तर आधी सांगावं लागलं असतं की ताटाचं वाक्य माझं होतं. तिची मास्तरीण खोटं बोलली. आणि त्या महिन्यांत तिने जो जो प्रसाद घेतला, तो तिच्याच श्रद्धेप्रमाणे घ्यायला नको होता. मी पाप मानत नाही, हो. पण ती मानते ना? काकांचं नाव घेऊन, पस्तावा न करता, उलट आभार मानून मोकळं व्हायची तिची दहा मिनिटं होती ती. ती मी नाही दिली. त्यानंतर दर महिन्याला मिस्सा झाली आहे. दर महिन्याला मी तिला स्कूटीवर नेलं आहे, तेच फादर लिंबाखाली चहा प्यायले आहेत, आणि मी गप्प राहिले आहे. दोन वर्षं होत आली.

गेल्या शनिवारी काकू म्हणाली, तो स्कूटरवाला फादर लाव. मी दुसरं काही सुचवून पाहिलं. तिने ऐकलं नाही. तिला आता मोतीबिंदूने फारसं दिसत नाही, स्कूटरच्या आवाजावरून ती ओळखते कुठवर आलं ते. फादर आला. ती बाई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने विचारलं. खाली ते दोन शब्द उमटले आणि मी वाचले.

"तुझं ताट वाढून ठेवलंय," मी म्हणाले. "कुणी उचललं नव्हतं. ये, बस."

'न्हाई,' काकू म्हणाली. डोळे मिटलेलेच. 'आधी बाई म्हनतो तो. बाई, तुझं ताट.'

मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बाई धरून.