उधव्याच्या नदीकाठी रेंज फक्त मोहाखाली

वडोदऱ्याची बदली घ्यायची की नाही ते आपण दोघं मिळून ठरवू, पण घरी नको, कुठेतरी शांत जागी जाऊ, असं सुहास म्हणाला. नवरा आपण होऊन बोलायचं म्हणतोय म्हटल्यावर मी हुरळलेच. जूनपासून मला शाळेची मुख्याध्यापिका करणार होते, माझा होकार तेवढा बाकी होता. त्याच्यामागे जायचं तर शाळेवर पाणी सोडायचं.

ठाण्याहून पहाटे निघा, हायवेवरचे ट्रक नंतर जीव नको करतात. तलासरीच्या अलीकडे उंबाडियू मिळालं, माठात भाजलेली पापडी आणि कंद, सोबत झणझणीत हिरवी चटणी. थंडीतच मिळतं, सोडू नका. उधव्यानंतर रस्ता नावापुरता. गाडी वर ठेवून शेवटचा उतार पायी उतरावा लागतो.

कॅम्पसाइट म्हणजे भाताच्या खाचराखालचा नदीचा सपाट काठ. तंबू आपला. वीज नाही, नळ नाही, संडास म्हणजे गोणपाटाआडचा खड्डा. माणशी पाचशे रुपयांत दोन वेळचं जेवण, जानकीबाईंच्या हातचं. शेत त्यांचंच. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली येते. मी म्हटलं, सोन्याहून पिवळं! सुहासचं तोंड मात्र उतरलं.

दुपारभर तो त्या मोहाकडे खेपा घालत होता. मी विषय काढला की म्हणे, अगं, आधी चहा तरी होऊ दे.

संध्याकाळी मी जानकीबाईंबरोबर नदीवर ताटं घासत होते. वारा पडला होता. सुहासला फोनवर ओरडून बोलायची सवय, त्यात समोरच्या डोंगरावरून आवाज परत येत होता.

"हो सर, पक्कं. घरी बोललोय, मिसेस तयार आहेत. भाड्याचं घरही बघून ठेवलंय."

जानकीबाईंचा हात थांबला.

"बाई, तुमी आता तिकडंच ऱ्हानार?"

"मलाही आत्ताच कळलं," मी म्हटलं. त्यांनी राखेची करवंटी माझ्याकडे सरकवली. मी ताट असं घासलं की विचारू नका. मेल्याने मला ठरवायला आणलं होतं की गुंडाळायला?

रात्री नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. चांगलीच असणार, मला चव कळली नाही. उद्या निवांत बोलू, असं म्हणून सुहास घोरायला लागला.

सकाळी तो नदीवर दात घासत असताना मी टेकडी चढले आणि आमच्या निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकांना फोन लावला. मुद्दाम मोठ्याने बोलले.

"बाई, जूनपासून तुमची जबाबदारी मी घेतेय. हो, घरी बोललेय. मिस्टर तयार आहेत."

खाली उतरले तर सुहासच्या तोंडात ब्रश तसाच.

"मला एकदा विचारायचं तरी होतंस," तो म्हणाला.

मी तंबूच्या खुंट्या उपटायला घेतल्या. परतीच्या वाटेवर डहाणूचे चिकू घेतले, तेवढंच काय ते एकमताने झालं.

आता तो वडोदऱ्याला असतो आणि मी शाळेत. तंबू माळ्यावर आहे, त्याला अजून धुराचा वास येतो. जागा कशी आहे म्हणून बरेच जण विचारतात. सुंदर आहे, जरूर जा, टॉर्च आणि जाड पांघरूण न्या. पण फोन लागत नाही म्हणून माणसं बोलतील, या भरवशावर जाऊ नका. आमच्या घरी तर फुल रेंज आहे. शनिवारी सुहास येतो, आणि आम्ही भाजी काय करायची ते ठरवतो.