बसल्या माणसाचं माप

माया तेल्हाऱ्याची. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका ऑफिसात कारकून. पाय लहानपणीच गेलेले, तेव्हापासून चाकाची खुर्ची. अठरा वर्षं ती टॅक्सीनं अकोल्याले येऊन-जाऊन राहिली अन् अठरा वर्षं तिला कोणी ना कोणी उचललं. स्टँडवर जो रिकामा असेल तो काखेत हात घालायचा, कापसाच्या गाठोड्यासारखी सीटवर ठेवायचा. खुर्ची जायची टपावर. माणसं भलीच होती. पण तेवढ्या घटकेला माया मनानं भलतीकडं निघून जायची. आपल्याच खुर्चीवर बसलोय, गाडी चालली आहे, खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी फुटली आहे, असं काही तिला दिसायचं.

यंदा टॅक्सीवाल्यांच्या संघटनेत ठरलं, की एक तरी गाडी खुर्ची चढेल अशी पाहिजे. शालिकरामनं आपली व्हॅन पुढं केली. मागच्या सीटा काढल्या, लोखंडी उतार लावला. मायाची खुर्ची पंक्चरच्या दुकानात आली होती, तिथं जाऊन गुपचूप माप घेतलं. धक्के लागू नयेत म्हणून खाली जाड फळी टाकून वर लाल चटई अंथरली.

गाडी तयार झाली त्या दिवशी माया अर्ध्या रजेवर निघून स्टँडवर आली. चाकं हातानं फिरवत उतारावर चढली अन् दाराच्या चौकटीवर कपाळ आदळलं.

शालिकरामचं तोंड उतरलं. स्टँडवरला म्हातारा ड्रायव्हर पुंजाराम सवयीनं हात पसरूनच पुढं आला.

"काहून खोटी करतं बे, उशीर होऊन राहिला? उचलून ठेव अन् चाल."

"पुंजारामभाऊ, हात लावू नका," माया म्हणाली.

"मंग कशा जासान?"

"बसली तशी."

टॅक्सीच्या रांगेत शालिकरामचा नंबर लागला होता. तो त्यानं दुसऱ्याले देऊन टाकला अन् व्हॅन वेल्डर धर्मपालच्या दुकानाकडं काढली. व्हॅन पहिल्या गिअरात पुढं, माया चाकं लोटत मागं. उतरतं ऊन दुकानांच्या पाट्यांवर सांडलं होतं. कढईतल्या भज्यांचा वास येत होता. तिला वाटलं, आपण जागीच आहोत अन् रस्ताच हळूहळू मागं वाहून राहिला.

धर्मपालनं फीत धरली. "खुर्ची तं बरोबर मोजली. बाई कुठं मोजली?"

"त्या नव्हत्या ना तवा खुर्चीत," शालिकराम पुटपुटला.

"आता मोजा," माया म्हणाली. "अंबाडा धरून मोजा. तो मी सोडनार नाई."

उंचीत चार बोटं कमी पडत होती. धर्मपालनं चटई गुंडाळली, फळी उखडली अन् माया आत गेली. डोकं टपाले लागता लागता राहिलं. शालिकरामनं पट्टे आवळले.

तेल्हाऱ्याच्या रस्त्याले गाडी लागली. पांढरी पऱ्हाटी खिडकीत सरकत राहिली, जशी उचलताना मनात सरकायची तशी. खालचा पत्रा खडखडत होता, डिझेलचा वास नाकात बसला होता. एका खड्ड्यात खुर्ची उडाली अन् माथा टपाले टेकून आला.

"लागलं काय, मायाताई? हळू घेऊ?"

"लागलं. चालू दे."