राघोजीबाबांची गढी आणि आईची मोडी

आमच्या खापरपणजोबांनी एक गढी जिंकली होती, हा शोध माझा आहे. त्याबद्दल आजवर कोणीही माझं अभिनंदन केलेलं नाही.

झालं असं. आमच्या अंबरनाथच्या घरी देवाऱ्यात एक पितळी नळी होती आणि नळीत एक कागद. मूळ घर चामटोलीचं. वडील सगळ्यांत थोरले म्हणून नळी त्यांच्याबरोबर अंबरनाथला आली. कागद मोडी लिपीत होता, म्हणजे घरात कोणालाच वाचता येत नव्हता. 'राघोजीबाबांचा कागद' एवढंच सगळ्यांना माहीत. दर दसऱ्याला आई नळी बाहेर काढायची, हळदकुंकू लावायची, नमस्कार करायची आणि पुन्हा आत ठेवायची.

माझी आई सातवी शिकलेली, पण तिचा शिक्षणावर जेवढा विश्वास होता तेवढा शिकवणाऱ्यांचाही नसेल. आमच्याकडे आरती संपली की प्रसाद लगेच मिळत नसे. "आधी सतराचा पाढा, मग खडीसाखर!" देवसुद्धा ताटकळत बसायचा. (सतरा नव्वे चुकलं की बहिणीला माझ्या वाटणीची मिळायची. तिला मधुमेह झाला, त्यात माझाही थोडा हात आहे.)

वडील गेल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका दसऱ्याला आईने नळीला कुंकू लावलं आणि हात जोडता जोडता थांबली.

"विल्या, आपण नमस्कार कशाला करतो हे आपल्याला ठाऊक नको का?"

"राघोजीबाबांचा कागद आहे ना?"

"तो बाबांचा आहे. पण त्यात आहे काय?"

पुढच्याच रविवारपासून ती बदलापूरला एका वाचनालयातल्या मोडीच्या वर्गाला जायला लागली. वर्गात बाकीचे कॉलेजातले. ही नऊवारी नेसून, डब्यात सगळ्यांसाठी थालीपीठ घेऊन, पहिल्या बाकावर! घरी आली की जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला सराव. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. आई दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तन्मयतेने अक्षरं टांगत बसायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्या बायकोकडे, सुनीताकडे आलं.

आता मला राहवेना. आपण इंजिनिअर, कंपनीत सुपरवायझर, आणि कागद आई वाचणार? एका दुपारी आई झोपलेली पाहून मी तिची वही उघडली, बाराखडीचा फोटो काढला, नळीतल्या कागदाचा फोटो काढला, आणि दोन्ही मोठे करून जुळवत बसलो. दीड तासात मला तीन शब्द लागले. गढी. चढून. दगड.

अंगावर काटा आला! गढी चढून! वरून दगडांचा मारा होतोय, आणि आमचा राघोजी तोंडात तलवार धरून वर चढतोय! (तलवारीचा कागदात उल्लेख नव्हता. पण दोन्ही हातांनी चढायचं तर ती तोंडातच असणार, एवढं तर्काने कळतं.)

पाचच मिनिटांत ही बातमी मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सहाव्या मिनिटाला चामटोलीहून नामाकाकांचा फोन.

"आरं विलास, खरं सांगतोस? गढी?"

"गढी, काका! शब्द स्पष्ट आहे!"

"मंग मी सांगतो गावात. लई बोलत असतात आपल्याला!"

आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, अर्धी ओळ वाचून मजकूर सांगू नये. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कुठला शब्द कुठे संपतो तेच तर शिकायचं असतं."

"आई, गढी म्हणजे गढी. ती कुठे संपणार?"

चंपाषष्ठीला चामटोलीच्या अंगणात सगळं घराणं जमवायचं, खंडोबाची तळी भरायची आणि आईने कागदाचं जाहीर वाचन करायचं, असं मीच ठरवलं. आईला वाचायला तोवर महिनाभर मिळत होता. मग मी उल्हासनगरला बॅनर करायला गेलो. दुकानदार सिंधी, फार उत्साही माणूस.

"साईं, पूर्वज का फोटो लाए हो?"

"फोटो नहीं है. तीन-चार पिढ्या जुना माणूस है."

"तो अपना दे दो ना! खून तो वही है!"

मी आढेवेढे घेतले. (साधारण चार सेकंद.) मग त्याने माझ्या पासपोर्ट फोटोतलं डोकं कापून एका घोड्यावरच्या धडावर बसवलं.

"मूंछ डालूँ?"

"थोडीशी."

"थोडी क्या साईं, किला जीता है!"

दहा फुटांचा बॅनर झाला. मिशा त्यातल्या दोन फूट.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आई तीनदा माझ्याकडे आली.

"विल्या, कागद वाचून झाला. जरा बस, मला बोलायचंय."

"आई, नंतर! मंडपवाला लाईनवर आहे."

दुसऱ्यांदा जेवणाचं बोलणं चाललं होतं. तिसऱ्यांदा मी फेटा बांधायचा व्हिडिओ बघत होतो. "गढी आहे ना त्यात?" मी आरशातूनच विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकच आता सगळ्यांबरोबर," म्हणाली आणि गेली. सुनीता म्हणाली, "मला त्यांचा चेहरा वेगळा दिसतोय." मी म्हटलं, "अभिमानाने होतं तसं."

चंपाषष्ठी उजाडली. अंगणात दीडशे माणसं. आमचे सगळे, शिवाय नामाकाकांनी मुद्दाम आणलेली अशी गावकरी मंडळी, ज्यांची गढीबद्दल ऐकायची अजिबात इच्छा नव्हती. तळी भरली, भंडारा उधळला, 'येळकोट येळकोट' झालं. बॅनरखाली खुर्ची ठेवून आईला बसवलं. मी फेटा सावरत माईक घेतला आणि वीस मिनिटं राघोजीबाबांचा पराक्रम सांगितला. गढीला मी तोपर्यंत तीन बुरूज दिले होते. मग माईक आईच्या हातात दिला.

आईने कागदाला नमस्कार केला, चष्मा लावला आणि मास्तरीणबाईंसारखं खणखणीत वाचायला लागली.

"'तुमचा चिरंजीव राघो यास शाळेत घातल्यास दोन महिने झाले. रोज येत नाही. आला तर बसत नाही. तुमचा गडी चढून बसतो चिंचेवर. उतर म्हटले तर दगड मारितो.'"



गढी नव्हे. गडी! गडी चढून बसतो. चिंचेवर!

"आरं, मंग गढी कंय गेली?" नामाकाका खुर्चीतून अर्धे उठले.

"गढी नाहीच, भावजी. हे राघोजीबाबांच्या पंतोजींचं पत्र आहे. त्यांच्या वडिलांना पाठवलेलं."

मागून कोणीतरी फिस्स केलं. मग एक बाई हसली, मग रांगच्या रांग. गावकरी मंडळी तर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी मान वर केली तर डोक्यावर दहा फुटांचा मीच, घोड्यावर, तलवार उपसून, चिंच जिंकायला निघालेला!

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी कुजबुजलो. माईक चालू होता. दीडशे जणांनी ऐकलं.

"तीनदा आले होते रे," आई म्हणाली. तेही दीडशे जणांनी ऐकलं.

नामाकाका लाल झाले. "आणि ह्याची पूजा केली आपण? तक्रारीची? चार पिढ्या?"

"मलाही तोच प्रश्न पडला," आई म्हणाली. तिच्या आवाजात ओशाळलेपणा अजिबात नव्हता, उलट मजा वाटत होती. "तक्रार कोण जपून ठेवतं? मग लक्षात आलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. घरात वाचता येणारा एकटा राघो. पंतोजींचं पत्र आलं, बाप म्हणाला असेल, वाच रे काय लिहिलंय. आता त्याने काय वाचून दाखवलं असेल?"

नामाकाकाच मोठ्याने हसले. "काय पोर असंल! बापाला सांगितलं असंल, गुरुजींनी लई तारीफ केलीय!"

"म्हणून बापाने ते देवाजवळ ठेवलं," आई म्हणाली. "थांबा, संपलं नाही अजून. शेवटच्या ओळी आहेत. 'तरी बाराखडी सर्वांआधी तोच शिकला. करिता गुरे राखण्यास दुसरा कोणी पाहावा, यास शाळेतून काढू नये. न धाडल्यास मी स्वतः येऊन घेऊन जाईन.'"

तिने कागदाची घडी हळूच घातली.

"सातवीनंतर मला घरी बसवलं. भाऊ लहान होते, सांभाळायला कोणीतरी हवं होतं. मला न्यायला कोणी आलं नव्हतं." एवढं बोलून तिने चष्मा पुसला. "गढी नसली तरी चालेल मला. कागद देवाऱ्यातच राहणार."

 नामाकाका पुढे आले, त्यांनी कागदाला हात लावून नमस्कार केला आणि डोळे टिपले. मग वळून मला म्हणाले, "तू आधी खाली उतर आता त्या घोड्यावरून!"

पुढच्या रविवारी आईने मला हाताला धरून बदलापूरच्या वर्गात नेलं. वर्षअखेरीच्या परीक्षेत ती वर्गात पहिली आली. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्षरओळख चांगली आहे तुमची. फक्त लिहिलंय तेच वाचायची सवय करा."

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. देवाऱ्यातली नळी मी उघडतो, पत्र वाचतो, आणि दर वेळी वाटतं, त्या पंतोजींचं नाव काय असेल? राघो पुढे गेला का शाळेत? खाली सही आहे, पण ती आईलाही लागली नव्हती आणि मला तर अजूनही लागत नाही. म्हणून यंदाही परीक्षेला बसलो. तिसऱ्यांदा. एका जुन्या पत्राचा मजकूर लावायचा होता. मी जीव ओतून दोन पानं लिहिली. परवा उत्तरपत्रिका परत मिळाली. त्यावर सरांचा शेरा होता :

'वर्णन फारच सुंदर. पत्र मात्र म्हशीच्या औषधाबद्दल होतं.'